गाडीच्या ईसीयूचा डबा: पाणी, उष्णता, खारी हवा आणि चोरी – सारखे विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत माझं ईसीयू (म्हणजे गाडीचं इंजिन सांभाळणारा छोटा कंप्युटर) रिपेअरिंगचं काम आहे, त्याआधी सात वर्षं एका डायकास्टिंगच्या (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग काढायच्या) शॉपमध्ये होतो, तिथे हेच ॲल्युमिनियमचे डबे काढायचो. म्हणजे डबा मशीनमधून गरम बाहेर पडताना पण बघितलाय आणि दहा वर्षांनी आतून हिरवा होऊन टेबलावर आलेला पण बघतोय. जून लागला की फोन सुरू होतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझ्याकडे येणाऱ्या ओल्या ईसीयूंपैकी बऱ्याच जणांचा डबा शाबूत असतो, पाणी वायरीतून गेलेलं असतं नाहीतर कुणीतरी डब्याचं श्वासाचं भोक बुजवलेलं असतं, त्यामुळे त्या दोन गोष्टींवर जरा जास्त लिहिलंय.

ईसीयूचा डबा म्हणजे नुसतं कव्हरच ना?

नाही हो. पाणी आणि धूळ अडवणं हे एक काम झालं. आतल्या ड्रायव्हर आयसी, मॉस्फेट (जास्त करंट चालू-बंद करणारे भाग) तापतात, त्यांची उष्णता बाहेर काढायचं काम पण डब्याचंच असतं, म्हणून पीसीबीच्या (आतल्या सर्किट बोर्डच्या) खाली करडी किंवा निळसर पेस्ट लावलेली दिसते आणि डब्याला मागे पंख असतात. तिसरं म्हणजे इग्निशन कॉइल, अल्टरनेटर, मोबाईल यांचा जो इलेक्ट्रिकल गोंगाट असतो तो आत येऊ न देणं. आणि चौथं थरथर, म्हणजे पीसीबी सगळीकडून घट्ट धरून ठेवणं, नाहीतर मोठ्या कॅपॅसिटरचे पाय तुटतात. म्हणून डब्यावर काहीही उद्योग करताना या चारही गोष्टी डोक्यात ठेवायच्या, एक सांभाळायला जाऊन दुसरी बिघडवली असं फार वेळा होतं.

ॲल्युमिनियमचा चांगला की प्लास्टिकचा?

दोन्ही चांगले, जागा कुठली आहे त्यावर आहे. इंजिनजवळच्या ईसीयूला बहुतेक डायकास्ट ॲल्युमिनियम असतं, आपल्याकडे जास्त करून एडीसी १२ नावाचा मिश्रधातू वापरतात, त्यात सिलिकॉन १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतं म्हणून तो साच्यात पाण्यासारखा पळतो आणि दोन-तीन मिलीमीटरची भिंत पण नीट भरते. प्लास्टिकपेक्षा तो काहीशे पट जास्त उष्णता वाहून नेतो. डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटखाली जे मॉड्यूल (इतर छोटे कंट्रोलर) असतात त्यांना एवढी उष्णता काढायची नसते, तिथे प्लास्टिक चालतं, वजन कमी आणि गंजायचा प्रश्नच नाही.

प्लास्टिक म्हणजे साधं नाही, पीबीटी नावाच्या प्लास्टिकमध्ये ३० टक्के काच तंतू घातलेले असतात. नायलॉन पण मजबूत असतं पण ते हवेतली ओल पितं आणि फुगतं, पीबीटी फार कमी पितं, म्हणून कपलरचं (वायरी जोडायच्या सॉकेटचं) तोंड जास्त करून पीबीटीचं असतं, कारण तिथे पिनांचं अंतर हललं की संपलं.

आता डायकास्टिंगमधली एक गोष्ट सांगतो जी बाहेर फार कुणाला माहीत नसते. ॲल्युमिनियम साच्यात जोरात मारलं जातं तेव्हा हवा अडकते आणि धातूच्या पोटात बारीक पोकळ्या राहतात. वरची कातडी घट्ट असते तोपर्यंत काही होत नाही, पण गॅस्केटसाठी (झाकणाखालच्या सीलसाठी) तोंड मशिनिंग केलं की ती कातडी जाते आणि आतल्या पोकळ्या एकमेकींना जोडून पाण्याला वाट मिळते. म्हणून चांगल्या शॉपमध्ये प्रत्येक डब्याची लीक टेस्ट होते, आत हवेचा दाब भरायचा आणि ठराविक सेकंदात किती उतरतो ते बघायचं, आणि लागलं तर व्हॅक्युममध्ये सीलंट पाजून त्या पोकळ्या भरतात. बाजारात जो स्वस्तातला ‘सेम टू सेम’ डबा मिळतो तो दिसायला सेमच असतो, ही टेस्ट झाली आहे का ते बघून कळत नाही.

डब्यावर आयपी ६७ लिहिलंय, म्हणजे वॉटरप्रूफ ना?

आयपी म्हणजे धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा. त्यातला पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून नुकसान होईल एवढं पाणी आत गेलं नाही पाहिजे. बस, एवढंच. यात प्रेशर वॉशरचा फवारा येत नाही. त्यासाठी गाड्यांच्या आयएसओ २०६५३ मध्ये ९के नावाची वेगळी टेस्ट आहे, ८० अंशाचं गरम पाणी, ८० ते १०० बार दाब, दहा-पंधरा सेंटीमीटरवरून, चार वेगवेगळ्या कोनांतून प्रत्येकी ३० सेकंद. ६७ पास झालेला डबा ९के पास होईलच असं नाही, दोन्ही आकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत अशा टेस्टची सोय आहे, कुणी स्वतःचं कंट्रोलर बनवत असेल तर अंदाजावर न जाता टेस्ट करून घ्या.

आणि दुसरं, या टेस्ट नवीन डब्यावर, कपलर लावलेला असताना होतात. कपलर काढलेला असेल किंवा आठ वर्षांचा रबर कडक झाला असेल तर तो आकडा विसरा.

डब्याला एक बारीक गोल टिकली आहे, मध्ये भोक दिसतंय, तिथून पाणी जाईल, सिलिकॉन लावून बुजवू का?

नका बुजवू!! हा प्रश्न आला की मी हातातलं काम ठेवून बोलतो.

ती टिकली म्हणजे व्हेंट. तिच्यात एक पांढरा पातळ पडदा असतो, ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर जे असतं त्याच जातीचं. त्याची छिद्रं इतकी बारीक की हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. आता ती कशाला दिली ते बघा. तुम्ही घाट चढून आलात, बोनेटखाली डब्यातली हवा ९० अंशाला तापलीये, आणि खाली उतरताना रस्त्यावरच्या तळ्यातून गाडी काढलीत, डब्यावर २५ अंशाचं पाणी बसलं. आतली हवा थंड होऊन आकसते. डबा पूर्ण बंद असेल आणि हवा पूर्ण थंड झाली तर आतला दाब साधारण १८ टक्के कमी होतो. हा फरक म्हणजे पावणेदोन-एक मीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब झाला. म्हणजे डबा टायरएवढ्या पाण्यात पण नाहीये आणि सीलला वाटतंय की आपण आयपी ६७ च्या १ मीटरपेक्षा खोल बुडालोय. त्यात पाणी नेमकं त्याच वेळी सीलवर बसलेलं असतं, मग जिथे रबर जरासा कमजोर असेल तिथून डबा ते पाणी ओढून घेतो. असं एकदा नाही, रोज, दिवसातून चार वेळा.

व्हेंट चालू असेल तर तिथून हवा आत येते आणि सीलवर ताणच येत नाही. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तरी बाहेरचा दाब १५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, तेव्हा पण हाच श्वास कामाला येतो. आत थोडी ओल गेलीच असेल तर ती गरम झाल्यावर वाफ होऊन त्याच पडद्यातून बाहेर पडते. बुजवलेल्या डब्यात ती ओल आतच फिरत राहते, रात्री पीसीबीवर दव बनून बसते.

व्हेंटची काळजी म्हणजे चिखल साचू द्यायचा नाही आणि त्यावर डिझेल, साबणाचं पाणी, चमकवायचे स्प्रे मारायचे नाहीत. साबणाने आणि तेलाने तो पडदा ओला धरतो आणि मग पाणी अडवायचं त्याचं काम जातं. सुई घालून साफ करणारे पण भेटलेत, त्यांना हात जोडून सांगतो, ते भोक साफ करायचं नसतं हो, पडदा फाटतो.

काही डब्यांना व्हेंट दिसत नाही, तिथे ती कपलरच्या बाजूला लपवलेली असते किंवा डबा आतून कंपाउंड ओतून भरलेला असतो, मग हवाच नाही तर श्वास कशाला.

मग पाणी नक्की कुठून जातं? डबा तर सीलबंद दिसतोय.

वायरीतून. खरंच. वायर म्हणजे आत तांब्याचे बारीक तार आणि वर प्लास्टिक, तारांच्या मधे फट असते आणि त्या फटीतून पाणी दिव्याच्या वातीसारखं चढतं. वरच्या श्वास घेण्याच्या गोष्टीमुळे डबा त्याला आतून ओढतो पण.

नारायणगावच्या एका भाजीच्या पिकअपचा ईसीयू आला होता, दोन ठिकाणी दाखवून झालेलं, दोघांनी डब्याचं तोंड सिलिकॉनने लिंपून दिलेलं. उघडला तर एकाच पिनेभोवती हिरवा गंज, बाकी बोर्ड कोरा करकरीत. ती पिन ऑक्सिजन सेन्सरची होती. मालकांना म्हटलं गाडी घेऊन या, वर घेतली, तर सायलेन्सरजवळ सेन्सरची वायर घासून सोललेली, आणि तिथून ईसीयूपर्यंत दीड-दोन मीटर पाणी वायरीच्या पोटातून गेलेलं. दोन्ही मिस्त्रींची मेहनत खरी होती, फक्त चुकीच्या टोकाला गेली. तेव्हापासून हिरवी पिन दिसली की मी आधी ती वायर कुठे जाते ते विचारतो.

म्हणून कपलर बघताना एवढं बघा: प्रत्येक वायरीच्या मागे रबरी सील आहे का, ज्या खणात वायर नाही तिथे डमी प्लग आहे का (अलार्म, गॅस किट लावणारे हा प्लग काढतात आणि तसाच सोडतात), आणि कपलरच्या आधी हार्नेस (वायरींचा जुडगा) खाली झोका घेऊन मग वर जातोय का. झोका असेल तर वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकतं. टेस्ट लॅम्पची सुई वायरीत टोचून चेक करायची सवय तर फारच वाईट, प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवीन दरवाजा. कपलरच्या मागून पातळ प्रोबने चेक करा, तेही सील न फाडता.

दादा, पावसाळ्यापुरतं पॉलिथिन बांधलं तर?

नको. पिशवीच्या आत दव जमतं, निघायला जागा नसते, आणि उष्णता पण अडकते. फारच वाटत असेल तर वरून छपरासारखं रबरी शीट लावा, खालून आणि बाजूने उघडं. स्कूटर-बाईकवाल्यांसाठी पण हेच. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आल्यापासून साध्या १०० सीसी गाडीलाही इंजेक्शन आणि ईसीयू आलाय, तो सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत असतो, पॅनल त्याची छत्रीच असते, तुटलं तर आधी पॅनल टाका.

इंजिन वॉशिंग करू का नको?

ओल्या फडक्याने आणि ब्रशने करा. घरगुती प्रेशर वॉशरच्या खोक्यावर पण १०० बारच्या वरचे आकडे छापलेले असतात आणि सेंटरवाला मुलगा नोझल कपलरपासून चार बोटांवर धरतो. मारायचंच असेल तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, ईसीयू, फ्यूजबॉक्स आणि कपलर झाकून, लांबून. गरम इंजिनवर गार पाणी मारलं की काय होतं ते वर सांगितलंच.

आम्ही मालवणला राहतो, डब्यावर पांढरी पावडर चढलीये, धोका आहे का?

पावडर म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, खाऱ्या हवेत येतोच. डब्याच्या मोकळ्या भिंतीवर असेल तर घाबरू नका, दिसतं वाईट पण भिंत जाड असते. गॅस्केटच्या कडेला आणि स्क्रूभोवती असेल तर मात्र लक्ष द्या. खारं पाणी झाकण आणि डब्याच्या सांध्यात बसतं, तिथे गंज हळूहळू सीलच्या खाली सरकतो आणि सिलिकॉनची पट्टी धातूपासून उचलली जाते. वरून सील जागेवरच दिसतं, खाली पोकळ झालेलं असतं. स्क्रूचं पण तेच, स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची बॉडी आणि मधे मीठपाणी, तिथे ॲल्युमिनियमच आधी खाल्लं जातं. म्हणून निघालेला झिंक कोटिंगचा स्क्रू हरवला म्हणून साधा लोखंडी किंवा पितळेचा टाकू नका.

कंपन्या याची टेस्ट ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ३५ अंशावर करतात, पण किनाऱ्यावरची गाडी वर्षानुवर्षं त्या धुक्यातच उभी असते. रत्नागिरी, मालवण, गोवा, सगळ्यांना मी हेच सांगतो की पावसाळा सोडला तर महिन्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने डबा पुसा आणि कपलरच्या रबराला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, म्हणजे सिलिकॉनचं ते पारदर्शक ग्रीस. पिवळं बेअरिंगचं ग्रीस किंवा पेट्रोलवाले स्प्रे रबरावर नकोत, रबर फुगतो. सँडपेपर मारून पांढरं काढू नका, कोटिंग असेल ते पण जाईल.

गाडी पुरात बुडाली होती, पाणी उतरलंय, आता चालू करून बघू?

किल्लीला हातच लावू नका. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. ईसीयूच्या काही पिनांवर किल्ली बंद असली तरी १२ व्होल्ट चालूच असतात, आणि ओल्या बोर्डवर करंट असला की तांबं एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकायला लागतं, बारीक झाडाच्या फांद्यांसारखं वाढतं आणि शॉर्ट करतं. नुसत्या पाण्याने दहा दिवसांत जे होणार नाही ते करंट असलेल्या पाण्याने एका रात्रीत होतं.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला त्यानंतर माझ्याकडे आलेल्या ईसीयूंमध्ये हा फरक अगदी स्वच्छ दिसला. ज्यांनी पाणी उतरल्या उतरल्या बॅटरी काढली त्यांचे बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ५०-६० अंशाला रात्रभर सुकवून चालू झाले. ज्यांनी ‘बघू तरी’ म्हणून सेल्फ मारला त्यांचे बहुतेक गेले. सीटखालचे आणि डॅशखालचे मॉड्यूल तर पाण्यात बुडण्यासाठी बनवलेलेच नसतात, त्यांचे कपलर उघडे असतात, ते आधी काढा. बोनेटमधला ईसीयू कोरडा दिसला तरी कपलर काढून पिना बघा. इन्शुरन्स क्लेम करणार असाल तर सर्व्हेअर येण्याआधी काही उघडू नका, फक्त बॅटरी काढा आणि फोटो काढून ठेवा.

डबा उघडून रिपेअर केला, परत बंद करायला कुठलं सिलिकॉन?

आधी नाकाने ठरवा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती बाजूला ठेवा, बाथरूमच्या टाइल्सला वापरा. ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि बंद डब्यात ते ॲसिड तांब्यावर बसतं. मी असे बोर्ड बघितलेत की रिपेअर उत्तम, सोल्डरिंग सुंदर, आणि सहा महिन्यांत सगळीकडे हिरवं, कारण बंद करताना हार्डवेअरच्या दुकानातली वीस-तीस रुपये स्वस्त ट्यूब. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं पाहिजे.

जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, स्क्रूड्रायव्हरने तोंडावर ओरखडा पडला की तीच पाण्याची वाट होते. अल्कोहोलने पुसा, खाचेत एकसलग धार सोडा, जिथे सुरू केली तिथेच थोडी चढवून संपवा. स्क्रू समोरासमोरचे असे घट्ट करा. मग २४ तास हात लावू नका, हे सिलिकॉन हवेतल्या ओलीने वाळतं आणि दिवसाला दोन-तीन मिलीमीटरच आत जातं. गिऱ्हाईक दारात उभं असतं, मला माहितीये, पण दोन तासांत बसवलेला डबा परत येतो. आणि उष्णतेची पेस्ट जुनी फाटली असेल तर नवीन लावा, नाहीतर पाणी अडेल पण मॉस्फेट जळेल.

डबा फार तापतो, हात लावत नाही. पंखा लावू?

हात न लावण्याइतका म्हणजे ६० अंशाच्या आसपास, बोनेटमधले ईसीयू १०५ किंवा १२५ अंशासाठी बनवतात, तेव्हा लगेच घाबरू नका. तरी तो मुळातल्या जागेवरच आहे का बघा. अपघातानंतर पत्रा ठोकताना ईसीयू सायलेन्सरच्या बाजूला सरकवलेला असतो किंवा मधली हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा) टाकलेलीच नसते. कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून जागा महत्त्वाची. क्रायस्लरने १९७६ च्या मॉडेलपासून लीन बर्न नावाचा कंप्युटर आणला तो थेट एअर क्लीनरच्या डब्यावर बसवला, इंजिनच्या डोक्यावर, उष्णता आणि थरथर दोन्ही खात, आणि तो बिघडण्यासाठीच प्रसिद्ध झाला, लोक काढून साधं इग्निशन लावायचे. ब्रॅकेटचे रबरी बुश चार असतील तर चारही लावा, तीनवर भागवू नका.

ट्रकच्या ईसीएमला चोरीसाठी लोखंडी जाळी लावायचीये, काय बघू?

लावा, चोऱ्या होतातच, रात्री पार्किंगमधून ईसीएम (ट्रकवाले ईसीयूलाच ईसीएम म्हणतात) गेला की गाडी जागेवर, माल गाडीत, आणि ड्रायव्हर बिचारा फोन करत बसतो. फक्त जाळी आणि ईसीएममध्ये बोटभर तरी मोकळी जागा ठेवा, पंख झाकू नका, खाली पाणी निघायला भोकं पाहिजेत. जाळी ईसीएमच्या स्क्रूवर कसू नका, चॅसिसच्या ब्रॅकेटवर कसा, नाहीतर जाळीचं वजन थरथरत डब्याचे कान (बोल्टसाठी बाहेर आलेले भाग) तोडतं. डोकं तुटून जाणारे शिअर बोल्ट वापरले तर साध्या पान्याने निघत नाहीत.

आणि जाळी गाडीवरच वेल्ड करणार असाल तर थांबा. आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीएमचे कपलर काढा, वेल्डिंगची अर्थ जिथे वेल्ड करताय तिथेच जवळ लावा. वेल्डिंगचा करंट शेकडो अँपिअरचा असतो, तो ईसीएमच्या अर्थमधून फिरला तर डबा कितीही भारी असू दे, वाचवत नाही. बॉडी बिल्डरकडे गाडी टाकताना हे स्वतः उभं राहून करून घ्या.

थ्रीडी प्रिंटरवर डबा बनवला तर चालेल? कॉलेजच्या गाडीसाठी हवाय.

पीएलए (प्रिंटरचं साधं प्लास्टिक) नको, ते ६० अंशाला मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीत पण वाकेल. एएसए किंवा एबीएस घ्या, आणि तरी प्रिंटच्या थरांमधून पाणी झिरपतंच हे धरून चाला. मी म्हणेन बाजारात तयार आयपी ६७ ॲल्युमिनियम बॉक्स मिळतो तो घ्या, सीलवाला कपलर आणि व्हेंट प्लग लावा, आणि पीसीबीवर कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) मारा, कपलरच्या पिना टेपने झाकून.

उंदरांपासून डबा वाचवतो का?

डबा वाचतो, हार्नेस खातात. गुंडाळायला स्टीलची जाळीवाली स्लीव्ह मिळते ती लावा.

डब्याचा कान तुटलाय / झाकण फुटलंय, नुसतं रिकामं केसिंग मिळेल का?

मिळतं, जुन्या बाजारात त्याच पार्ट नंबरचा मेलेला ईसीयू घ्यायचा आणि आपला बोर्ड त्यात टाकायचा. बोर्ड आपलाच ठेवायचा, कारण किल्लीचा इमोबिलायझर (चुकीच्या किल्लीने गाडी चालू न होऊ देणारं कुलूप) त्याच्याशी जोडलेला असतो. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, एकसारख्या दिसणाऱ्या डब्यात आतले टेकू वेगळ्या उंचीवर असतात आणि मग मॉस्फेट ॲल्युमिनियमला टेकतच नाही. मूळ लेबल जपून काढून नवीन डब्यावर लावा किंवा निदान फोटो काढून ठेवा, पुढे कुणाला सॉफ्टवेअर टाकायचं झालं तर तोच नंबर लागतो. फक्त कान तुटला असेल तर ॲल्युमिनियम वेल्डिंग करता येतं, पण आधी बोर्ड बाहेर काढून, आणि वेल्ड झाल्यावर झाकणाचं तोंड काचेवर ठेवून सपाट आहे का बघा, वाकलं असेल तर ते केसिंग वापरू नका.